बत्तीस पायऱ्यांचे दिवे

"पण बुवा, दिवे दिसले की नाही तुम्हाला?"

अच्युतबुवा मठाच्या ओट्यावर माझ्या शेजारी बसून वालपापडी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दिसले. दिवेच दिसले."

रंगनाथराव खुलले. वीज खात्यात अभियंता म्हणून पस्तीस वर्षं काढलेला माणूस. गेली दोन वर्षं बुवांकडे मंत्र मागत होता. बुवा तो कानात सांगत, पण ज्याला सांगायचा त्यालाच, आणि मनात येईल तेव्हाच. रंगनाथरावांना एवढंच म्हणाले होते, "आधी या पायऱ्यांवर उजेड करा. मग बघू."

"बारा व्होल्टचे आहेत, बुवा. ओल्या पायानं शिवलं तरी झटका नाही. काँक्रीट ओतायच्या आधी मी स्वतः पाइप टाकले, डब्या बसवल्या. एक वायर बाहेर दिसेल तर नाव बदलीन."

"आणि त्या दिव्यांवर पत्र्याची झापडं होती ना?"

"काढली. उजेड दडपत होती."

"हं..."

आरतीची वेळ होत आली होती. खालून काठीचा आवाज आला. भागीरथीकाकू चढत होत्या. ऐंशीच्या पुढच्या. एक हात कपाळावर आडवा धरलेला, दुसऱ्या हातातली काठी पायरी चाचपतेय. दर चार पायऱ्यांनी थांबत होत्या.

वर पोचल्या त्या धापा टाकतच.

"कुणी केली हो ही रोषणाई? डोळे दिपले मेले! पायरी कुठाय तेच कळेना. लग्नघर आहे का हे?"

बुवा गालात हसले. रंगनाथरावांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"काकू, बसा. पाणी घ्या."

रंगनाथराव आरतीलाही थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारभर ते पायऱ्यांवर उकिडवे बसून होते. बत्तीस दिवे, बत्तीस झापडं, दर झापडाला दोन स्क्रू. बुवा एकदा वरून डोकावले.

"चहा?"

"नको. अजून अकरा राहिलेत."

संध्याकाळी दिवे लागले. दिवा असा दिसत नव्हता. फक्त पायरीवर ताटाएवढा उजेड पडला होता, तिची कड स्वच्छ दाखवणारा.

भागीरथीकाकू आल्या. काठी काखेत. मध्ये एकदाही थांबल्या नाहीत. वर आल्यावर शेजारणीशी बोलता बोलताच त्यांनी चपला काढल्या.

रंगनाथराव दारातच उभे होते. त्यांना राहवेना.

"काकू... आज दिवे कसे वाटले?"

"कसले दिवे? काढलेत ना ते? बरं केलंत बाई! आज कसं भराभर चढता आलं. उगीच वीज जाळत होते."

"अहो, पण..."

काकू थांबल्या. "काय?"

रंगनाथरावांनी खाली पाहिलं. बत्तीस पायऱ्या. मग काकूंकडे पाहिलं. तोंड उघडलेलंच होतं. पस्तीस वर्षांची नोकरी, पाइप, डब्या, चौसष्ट स्क्रू, सगळं जिभेवर आलं होतं.

मी शेजारीच टाळ घेऊन बसलो होतो. त्यांनी तोंड मिटलेलं मला दिसलं.

"काही नाही, काकू. पुढे जागा आहे, बसा."

काकू आत गेल्या. शेजारणीला सांगतच गेल्या, की आता रोज येणार, सुनेचा हात धरायची गरज नाही.

रंगनाथराव ओट्याच्या कडेला टेकले. मग त्यांना एकदम हसू फुटलं. आवरेना. बुवाही हसू लागले. दोघं पोटभर हसले.

मग हसू ओसरलं.

बुवांनी आपल्या सतरंजीवर थोडं सरकून जागा केली.

"या इकडे, रंगनाथराव. तोंड मिटलंय तोवर कान पुढे करा."