वाऱ्याआधी

त्या राज्यात बोलण्याचा मान दारांकडे होता, आणि दारे वाऱ्याने उघडत. वारा बहुतेक रोज तिन्हीसांजेला डोंगर उतरून येई. तो आला की सगळी दारे एकदम उघडत, आणि उघडता उघडता प्रत्येक दार ठणकावून म्हणे, "आमची मर्जी!" हे वेळेवर म्हणणे ही तिथली रीत. जाणती दारे झोत लागण्याच्या किंचित आधी म्हणत. त्यांचा फार दबदबा असे. त्या झोतांनी घरांतले दिवे कधीच विझून गेले होते. दिव्यांची प्रकृतीच नाजूक, असे दारांचे मत होते.

अशा त्या गल्लीत फणसाच्या लाकडाचे एक नवे दार बसवले गेले. नदीपलीकडून आलेले, अंगाला अजून तेलाचा वास. पहिल्याच दुपारी त्याने हळूच म्हणून पाहिले, "माझी मर्जी." काहीच हलले नाही.

गल्लीच्या तोंडाशी थोरली वेस उभी होती. ती करकरत हसली. "सूनबाई, मर्जी अशी भरदुपारी होत नसते हो! ती वाऱ्याबरोबर येते. माहेरी एवढंही शिकवलं नाही?"

"शिकेन, आत्याबाई," नवे दार म्हणाले. पुढच्या दिवसांत त्याने एवढेच पाहून ठेवले, की ज्या दिवशी वारा येत नाही त्या दिवशी मर्जी कुणाचीच होत नाही.

एका संध्याकाळी माळावरून एक पणती गल्लीत आली. राज्यात पेटती अशी ती एकटीच उरली होती. तिकडे डोंगरावरचे गवत वाकू लागले होते.

"मला आत घ्या कुणीतरी," ती म्हणाली.

"घेऊ की. नाही कोण म्हणतंय?" वेस म्हणाली. "वारा येऊ दे, सगळीच उघडू."

"वारा आल्यावर मी कुठली राहायला, आत्याबाई?"

दारे एकमेकांकडे पाहू लागली. सगळ्यांनाच मनापासून वाईट वाटले. तसे त्यांनी बोलूनही दाखवले.

नव्या दारालाही वाईट वाटले. मर्जी होईल म्हणून त्याने क्षणभर वाट पाहिली. ती कुठूनच आली नाही. तेव्हा त्याने तो नाद सोडला आणि सगळा भार खालच्या बिजागरीवर टाकला. बिजागरी गव्हाच्या दाण्याएवढी सरकली. दुखले. त्याने पुन्हा भार टाकला.

"अगं, मोडशील! म्हण तरी आधी!" वेस ओरडली.

नव्या दाराला म्हणायला उसंत नव्हती. वीतभर फट पडली, तशी पणती अंग चोरून आत शिरली. दार आले तसेच उलटे रेटत गेले. कडी पडली.

मग वारा आला. गल्लीभर दारे धाडधाड उघडली. "आमची मर्जी!" आरोळी अगदी एका सुरात उठली, आणि वेस नेहमीप्रमाणे सर्वांच्या किंचित आधी होती.

वारा निघून गेला. सताड उघड्या दारांमागे घरोघर काळोख होता. फक्त एका बंद दाराच्या फटीतून उजेडाची रेघ बाहेर आली होती आणि गल्ली ओलांडून थेट वेशीच्या पायाशी टेकली होती. ती जराही हलत नव्हती.