तारवाल्याचा हुंदका

कृष्णधवल चित्रपटांच्या काळातली गोष्ट. कोल्हापूरच्या एका स्टुडिओत दाजीसाहेब नावाचे वृद्ध चरित्र अभिनेते होते. तीस वर्षांत एकाही पोस्टरवर त्यांचं नाव आलं नाही. मात्र डॉक्टरचं काम त्यांनी इतक्यांदा केलं, की रस्त्यात माणसं त्यांना थांबवून जीभ दाखवत. दाजीसाहेबही ती गांभीर्याने पाहत आणि म्हणत, "दोन दिवस तेलकट वर्ज्य करा."

त्यांचा शिष्य निवृत्ती. त्याला वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, "हा शेवटचा सिनेमा. टिकलास तर ठीक, नाहीतर मुकाट्याने आपल्या गुळाच्या अडतीवर बसायचं." आणि बिचाऱ्याला काम मिळालं ते तारवाल्याचं! दार वाजवायचं, "तार आहे, सही करा" म्हणायचं, सही घेऊन निघायचं. नायकाची आई गेल्याची ती तार. वाचून त्याने कोसळायचं.

एवढ्याशा कामात आपण लोकांच्या नजरेत भरावं कसं? निवृत्ती आधी लंगडत आला. मग त्याने खोकला जोडला. तिसऱ्या वेळी तर नायकाने तार उघडण्याआधी हाच हुंदके देऊन मोकळा! दिग्दर्शक कडाडले, "अरे, आई कुणाची गेलीय? तुझी की याची? जेवणानंतर एकदाच बघतो. नाही जमलं तर दुसरा माणूस!"

रडकुंडीला आलेला निवृत्ती गुरूंकडे धावला. दाजीसाहेबांनी काय करावं? ना संवाद म्हणवून घेतला, ना धीर दिला. कोरे कागद घातलेली वीस पाकिटं त्याच्या पिशवीत कोंबली आणि म्हणाले, "स्टुडिओभर वाटून ये. प्रत्येकाची सही हवी. चार शिल्लक ठेव."

"अहो दाजी, पण माझं जेवण..."

"तारवाल्याला कोण पंगतीला बसवतं? नीघ!"

भर उन्हात निवृत्ती निघाला. शिंप्याने तार म्हटल्याबरोबर गळाच काढला. सुतार म्हणाला, "हात गुंतलेत, थांब." आचाऱ्याने कोरा कागद पाहून शिव्यांची लाखोली वाहिली. सह्या गोळा करता करता निवृत्ती अगदी मेटाकुटीला आला.

परतला तो थेट चित्रीकरणालाच. दार वाजवलं. "तार आहे. सही करा." नायकाने त्याच्याच पेन्सिलीने सही केली, तार वाचली आणि भिंतीला टेकून तो रडू लागला. निवृत्ती मात्र दारातून हलेना! दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात निवृत्ती हळूच म्हणाला, "साहेब, पेन्सिल तेवढी द्या. अजून चार घरं आहेत."

नायकाने रडता रडता मूठ उघडली. पेन्सिल घेऊन निवृत्ती निघून गेला. 'कट' म्हणायचं दिग्दर्शकांनाही भान राहिलं नाही. काम टिकलं.

संध्याकाळी निवृत्तीने विचारलं, "दाजी, तुम्ही मला शिकवलंत तरी काय?"

दाजीसाहेब हसले. "दार उघडणाऱ्याचं जग थांबतं रे. तारवाल्याचं कसं थांबेल? चार घरं बाकी असली, की आपण कसे दिसतो हे बघायला माणसाला सवड उरत नाही."



कुणाच्या घरी समाचाराला गेलो, की आपणही त्यांच्याआधी आपलाच हुंदका काढतो. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू! हल्ली मात्र हुंदका गिळतो आणि आधी विचारतो, "दूध आणायचंय का?"