घुमटाखालचे टेकू

सागाच्या एका जंगलात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, एक साळिंदर राहत असे. त्याचे बीळ साऱ्या जंगलात नावाजलेले होते. केवढाही पाऊस कोसळो, त्या बिळाची चिमूटभर माती कधी ढासळली नाही. साळिंदर स्वतः मात्र फार भिडस्त. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याच्या पाठीवरचे काटे आपोआप खुळखुळू लागत. तो आवाज ऐकून त्याला आणखीच लाजल्यासारखे होई. मग जे सांगायचे ते गिळून तो खाली मान घालून निघून जाई.

त्या जंगलाला उन्हाळ्यात वणवा लागे. मोठी जनावरे पळून ओढ्यापलीकडे जात, पण लहानांच्या पायांत तेवढा जोर कुठला? गेल्या वणव्यात सशिणीची दोन पिल्ले मागे राहिली, ती परत आली नाहीत. तेव्हापासून सगळ्यांच्या मनाला एक टोचणी लागली होती. पौष महिन्यात थोरल्या हत्तिणीने सर्वांना उंबराखाली बोलावले.

हत्तीण म्हणाली, "यंदा पिल्लांसाठी दगडमातीचे घर बांधायचे. आग वरून गेली तरी आत धग लागू नये असे. अंगमेहनतीला आपण सगळे आहोत. पण काम उभे करून घेणारा एक पाहिजे."

"साळिंदराला सांगा," सशीण म्हणाली. "त्याचे बीळ बघा एकदा."

सगळ्यांच्या नजरा वळल्या. साळिंदराचे काटे खुळखुळले. "मी... बघतो," एवढेच तो म्हणाला.

"झाला मुकादम!" फांदीवरून वानर ओरडले. "याला 'थांबा' म्हणायला दोन दिवस लागतील, तोवर घर बांधून पडलेलेसुद्धा असेल!"

सगळे हसले. साळिंदरही कसनुसा हसला.

पण मुलांनो, बोलण्यात मागे असला तरी कामाची समज त्याला चांगली होती. चार दिवस तो टेकडीवर फिरत राहिला. जिथे झाडे विरळ आणि खाली पक्का मुरूम, अशी जागा त्याने निवडली. ओढ्याकाठच्या वाळूत काट्याच्या टोकाने त्याने घर आखून काढले. दार कुठे, भिंत किती जाड, वर घुमट किती उंच, हे सगळे ठरवले. मग कुणी काय आणि केव्हा करायचे तेही ठरवले, कारण दगड आधी येऊन पडले तर चर खोदायला जागा उरत नाही, आणि चिखल आधी मळून ठेवला तर तो वाळून जातो. रानडुकरांनी पायाचा चर खोदला. चर झाला त्याच दिवशी हत्तिणीने दगड आणले. दगड आले तशी रानडुकरे चिखल मळायला लागली. भिंत रचायचे काम गव्याकडे होते. गवा वयाने मोठा, अंगाने डोंगराएवढा, आणि कामात वाघ. वानर वर चढून चिखल पोचवी.

भिंत सरळ उभी राहते आहे की नाही हे बघायला साळिंदराने एक ओळंबा केला होता. वेलीला बांधलेला एक गोल गोटा, दुसरे काही नाही. वेलीचे वरचे टोक भिंतीच्या माथ्याला धरायचे आणि गोटा खाली सोडायचा. गोटा भिंतीला टेकून लोंबला तर भिंत सरळ.

चौथा थर चढला त्या दिवशी साळिंदराने ओळंबा सोडला. गोटा भिंतीपासून चार बोटे लांब लोंबत राहिला. भिंत बाहेरच्या अंगाला झुकत होती.

साळिंदराने गव्याकडे पाहिले. गवा पहाटेपासून राबत होता. नाकपुड्यांतून वाफा निघत होत्या, खूर सोलवटले होते. 'एवढ्या मोठ्याला, एवढ्या थकलेल्याला, भिंत उतरवा असे कसे सांगू?' साळिंदराला वाटले. 'उद्या सांगू.'

दुसऱ्या दिवशी पाचवा थर चढला. गोटा वीतभर लांब गेला. साळिंदर गव्याजवळ गेला आणि पुटपुटला.

"काय म्हणालास साळ्या?" गव्याने वळून विचारले.

"काही नाही काका. पाणी पिऊन घ्या म्हणत होतो."

"शहाणा आहेस. कामाला आल्यापासून पाण्याचे विचारणारा तू एकटाच," गवा म्हणाला आणि ओढ्यावर गेला.

नवव्या थराला भिंत पडली. बाहेरच्या अंगाला पडली म्हणून कुणाला लागले नाही. वानराचे शेपूट तेवढे थोडक्यात वाचले. धुरळा खाली बसल्यावर गवा कडाडला, "चिखल पातळ मळला होता! या डुकरांना सांगून काही उपयोग नाही."

"आम्ही नेहमीसारखाच मळला," म्हातारे रानडुक्कर म्हणाले.

"मग दगडांना काय पाय फुटले?"

साळिंदर शेजारीच उभा होता. ओळंबा त्याच्या पुढ्यात पडला होता. खरे काय ते त्याच्या जिभेवर आले, काटे खुळखुळले, आणि त्याने ते गिळले. बोलणी रानडुकरांनी खाल्ली. नऊ दिवसांचे काम मातीत गेले.

भिंती पुन्हा नव्याने उभ्या राहिल्या. आता ओळंबा जरा सरकला की साळिंदर स्वतःच जाऊन दगडाखाली दगडाची पातळ चीप सारून ठेवी, पण बोलत नसे. भिंती झाल्यावर आत लाकडी टेकू उभे केले, टेकूंवर फांद्यांचा सांगाडा रचला, आणि त्यावर दगड आणि चिखल थापून जाड घुमट केला. घुमट भरभर वाळला तर तडकतो, म्हणून त्यावर ओली पाने पसरली. साळिंदराने हळू आवाजात सांगितले, "एकवीस दिवस टेकू राहू द्यायचे. मग टेकू आणि सांगाडा काढला की घुमट आपल्या बळावर उभा राहील."

हे ऐकले ते जवळ असलेल्या दोघा-तिघांनीच. तिकडे हत्तिणीने पौर्णिमेला घराचा प्रवेश ठरवला होता. ओढ्यापलीकडच्या कळपांना निरोप गेले होते. मोर नाचणार होता. आणि पौर्णिमा आली तेव्हा घुमटाला झाले होते अवघे सहा दिवस.

पौर्णिमेच्या सकाळी गव्याने मधल्या टेकूला वेल बांधली. "आत शिरायला जागा नाही, नुसते लाकूडच लाकूड. पाहुणे काय म्हणतील? चला, ओढा!"

"लवकर ओढा हो," सशीण म्हणाली. तिची सहा पिल्ले तिच्या पोटाशी दाटीने बसली होती. "गवत वाळून कुडकुडीत झाले आहे. काल डोंगरापलीकडे धूर दिसला. या लाकडांमधून मी माझी पिल्ले कुठे बसवू? निम्मी मावतील, निम्मी बाहेर. निम्मी कुठली ठेवू बाहेर, सांगा?"

गव्याने वेल ताणली.

साळिंदर दारात उभा होता. काटे एवढे खुळखुळत होते की पलीकडच्या पाहुण्यांनाही ऐकू गेले असते. एक पाऊल मागे घ्यावे आणि निघून जावे असे त्याला वाटले. त्याने सशिणीच्या पिल्लांकडे पाहिले. मग तो चालत जाऊन टेकूला पाठ लावून उभा राहिला.

"टेकू निघणार नाही," तो म्हणाला.

"बाजूला हो साळ्या. काटे मोडतील."

"मोडू देत. घुमट वरून वाळला आहे, पोटात ओला आहे. आज टेकू काढला तर आज ना उद्या खाली येईल. आणि खाली पिल्लं असतील."

"उशीर तुझ्यामुळे झाला, आणि आता आम्हाला थांबवतोस?" गवा रागाने म्हणाला. "मुकादमाने वेळेवर काम उरकायचे असते!"

"हो, माझ्यामुळेच झाला," साळिंदर म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "काका, पहिली भिंत चिखलामुळे पडली नाही. चौथ्या थरालाच ती झुकली होती. ओळंब्यात मला दिसले होते. मी तुम्हाला बोललो नाही. नंतर यांच्यावर आळ आला तेव्हाही बोललो नाही."



"म्हणजे," म्हातारे रानडुक्कर सावकाश म्हणाले, "इतके दिवस आम्ही नुसतीच बोलणी खाल्ली?"

"माझी भिंत वाकडी होती," गवा म्हणाला, "आणि तू मला पाणी पाजत होतास?"

वानर फांदीवर एवढे हसले की पडता पडता राहिले. पण खाली कुणी हसले नाही, तेव्हा तेही गप्प झाले.

"नऊ दिवस मी घालवले," साळिंदर म्हणाला. "ते टेकू काढून भरून निघणार नाहीत. मला कामावरून काढायचे तर काढा. पण माझ्या जागी जो येईल त्यालाही टेकू काढू देऊ नका. काका, विश्वास नसेल तर आत येऊन शिंग लावून बघा."

गवा फुरफुरत आत गेला. फांद्यांच्या फटीतून त्याने घुमटाला शिंगाचे टोक लावले. लोण्यात जावे तसे शिंग आत गेले. बाहेर काढले तेव्हा त्यावरून ओला चिखल ओघळत होता. गवा बाहेर आला आणि त्याने टेकूची वेल सोडली.

हत्तीण म्हणाली, "भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटे नाही रे. रानडुकरांची माफी तू उद्या माग आणि सर्वांसमोर माग. पण काम तुझ्याकडेच राहील. ज्याला आपली चूक सांगता आली, त्याचे 'थांबा' मी ऐकणार." मग ती पाहुण्यांकडे वळली. "नाच बाहेरच होईल. घर अजून तयार नाही."

सशीण मात्र साळिंदराकडे न बघता पिल्लांना घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी साळिंदराने उंबराखाली रानडुकरांची माफी मागितली. मग घरात शिरून तो दिवसभर खपला. एकही टेकू न हलवता त्याने टेकूंच्या मधल्या जागा मोजल्या. जमीन उकरून खोलगट केली, म्हणजे पिल्ले एकावर एक न पडता आडव्या ओळीत बसतील. म्हातारे रानडुक्कर आपणहून आले आणि नाकाने माती सारू लागले. "राग गेला असे समजू नकोस," ते म्हणाले. "पण पिल्ले माझ्या कळपातलीही आहेत."

घुमटाला पंधरावा दिवस होता. भर दुपारी वारा फिरला आणि डोंगराच्या कडेवरून वणवा उतरला. हत्तिणीने सोंड उंचावून हाक दिली. हरणांची पाडसे, डुकरांची पिल्ले, ससे, सगळी घराकडे धावली. साळिंदर दारात उभा राहून एकेकाला जागा दाखवत होता. "तू दोन टेकूंच्या मध्ये. पाय पोटाशी घे. ढकलू नका रे. टेकूला कुणी रेलायचे नाही!" त्याचा आवाज एवढा मोठा असू शकतो हे कुणालाच माहीत नव्हते. सशिणीची सहाही पिल्ले मावली, आणि ती स्वतःही. सर्वांत शेवटी साळिंदर आत शिरला. बाहेरून गव्याने दाराला मोठा दगड लावला आणि ओढ्याकडे धाव घेतली.

आत काळोख होता. बाहेर आग कडकडत होती. भिंती कोमट झाल्या, पण तापल्या नाहीत. तेवढ्यात वर प्रचंड आदळ झाली. टेकडीच्या कडेचा जळता साग घुमटावर कोसळला होता. पिल्लांच्या कानांवर मातीची ढेकळे पडली. टेकू करकरले. एक टेकू जरासा खचला आणि थांबला. साळिंदराने त्याला पाठ लावली. घुमट मात्र उभा राहिला.

संध्याकाळी गव्याने दगड बाजूला केला. धुराने माखलेली पिल्ले एकेक करून बाहेर आली. घुमटाला वर एक लांब भेग गेली होती. गव्याने ती भेग पाहिली, आत उभे असलेले टेकू पाहिले. मग रानडुकराला म्हणाला, "चिखल मळायला घ्या. भेग बुजवायची आहे. किती घट्ट मळायचा ते या साळिंदराला विचारा." मग त्याच्याकडे वळून म्हणाला, "आणि माझी भिंतही बघ रे, साळिंदरभाऊ. वाकडी असली तर लगेच सांग."

"डाव्या कोपऱ्यात दोन बोटे आहे, काका," साळिंदर लगेच म्हणाला.

गवा चमकला, मग मोठ्याने हसला.

सगळ्यांच्या मागून सशीण आली. तिची सहाही पिल्लांची अंगे चाटून झाली होती. ती साळिंदरासमोर येऊन बसली.

"त्या दिवशी तुझे तोंड पाहू नये असे वाटले होते मला," ती म्हणाली.

"ठाऊक आहे, ताई."

"तेव्हा तू माझे ऐकले असतेस तर..." तिने सर्वांत धाकटे पिल्लू पुढे केले. ते भीत भीत साळिंदराच्या जवळ गेले, काटे टाळून त्याच्या पुढच्या पायांशी अंग चोरून बसले, आणि तिथेच झोपी गेले.

तात्पर्य : काम ज्याच्यावर सोपवले आहे त्याने भिडेपोटी शब्द गिळू नये, दिसलेली चूक त्याच दिवशी सांगावी, आणि सांगायची राहिली असेल तर ती कबूल करून पुढची चूक तरी थांबवावी.