अक्षरांखालचा रंग

गाड्या माणसांशी बोलत असत, त्या काळातली गोष्ट. मोरेश्वरने एक जुनी लाल गाडी विकत घेतली. आधीच्या मालकाने तिच्या पाठीवर धातूच्या अक्षरांत आपल्या मुलीचं नाव चिकटवलं होतं, रेवती.

ती काढून टाकायला मोरेश्वरने अंगणातच हेअर ड्रायरने अक्षरं तापवली आणि गोंद कापायला त्यांच्यामागे दोरा घातला.

“नाव राहू द्या,” गाडी म्हणाली. “ती अजून उतरलेली नाही.”

मोरेश्वर हसला. अक्षरं निघाली, पण त्यांच्याखालचा रंग उन्हाने विटला नव्हता, त्यामुळे नाव जास्तच लाल दिसू लागलं. त्याने त्यावर आपल्या मुलीचं नाव चिकटवलं आणि स्टिअरिंगसमोर बसून हाक मारली, “मृण्मयी, बस लवकर.”

“बसलेय, बाबा,” मागच्या सीटवरून आवाज आला.

मृण्मयी अजून जिन्यात चपला घालत होती.