सातव्या ओळीचं पाणी

नळाला चोरून मोटर लावणाऱ्या एका घराचं पाणी तोडायचं होतं. यादीत ७७ घरं, प्रत्येक ओळीला नंबर, आणि मोटरवालं घर सातव्या ओळीत. पाणीखात्याच्या विशाखाताई ढवळे म्हणाल्या, "साहेब, कॉम्प्युटरवर यादीतल्या ओळी शोधणाऱ्या ग्रेप कमांडला नुसतं ७ शोधायला सांगू नका. ज्या ओळीत सातचा आकडा दिसेल, ती प्रत्येक ओळ तो उचलतो."

"मला शिकवू नका," म्हणत तिरोडकर साहेबांनी स्वतः कमांड मारली आणि निघालेल्या यादीवर न वाचताच सही ठोकली. ७, १७, २७, ७०... दुपारपर्यंत चौदा घरं कोरडी, आणि ऑफिसच्या दारात हंडे घेतलेल्या बायका.

मेमो मात्र विशाखाताईंच्या नावानं निघाला. साहेब म्हणाले, "माझी कमांड बरोबरच होती!"

असले मेमो ताईंनी बावीस वर्षांत पोत्यानं पाहिले होते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"बरोबर होती ना? मग पुरी करू या. प्लंबर फोनवर आहे. शेवटचं, ७७ नंबरचं घर तेवढं राहिलंय. तुमचा बंगला."

"थांबवा त्याला!"

"थांबवते, साहेब. फक्त कमांड चुकली होती, एवढं या मेमोच्याच पाठीवर लिहून द्या."