माठाचा पाहुणा

भांडी बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकायची, तेव्हाची ही गोष्ट. थंडी पडली, की सगुणाबाईंच्या घरात तांब्याच्या बंबाचा तोरा वाढायचा. कोपऱ्यात ओल्या वाळूवर बसलेल्या माठाला कुणी विचारत नसे. एका हिवाळ्यात तर तो रिकामा होऊन माळ्यावर जायचा होता.

केर काढताना सगुणाबाईंना दारामागे इवलासा बेडूक सापडला. "काकडलाय गं बाई बिचारा!" म्हणत त्यांनी त्याला बंबाशेजारी ठेवलं.

बंब फुगला. "माझ्याजवळ कुणी गारठत नाही!"

पण बेडकाची कातडी सुकू लागली. "आई, मला ऊब नको," तो कसाबसा म्हणाला, "ओल हवी."

"मग इकडे आणा त्याला," माठ म्हणाला.

बंब खो खो हसला. सगुणाबाईंनी मात्र बेडकाला वाळूवर सोडलं. तो वाळूत शिरला आणि गाढ झोपला.

"यंदा माठ हलवायचा नाही," त्यांनी घरात बजावलं. माठ हिवाळाभर पाझरत राहिला.

थंडी सरली, बेडूक उड्या मारत विहिरीकडे गेला. उन्हाळ्यात पाहुणे माठाच्या पाण्याची वाहवा करू लागले.

माठ ताठ मानेनं म्हणाला, "उन्हाळ्यात काय, सगळेच येतात. माझ्याकडे भर थंडीत पाहुणा मुक्कामाला होता!"