महाराजांची गाडी आणि चौदा दिवसांचं जेवण

टेकापूरच्या महाराजांची विजेची गाडी शनिवारी भर बाजारात बंद पडली, आणि तीही शेजारच्या राज्याचे पाहुणे आत बसलेले असताना. शेवटी कुणाच्या तरी शेतातून बैलजोडी आणावी लागली. पुढे बैल, मागे गाडी, आत मिशीला पीळ देणारे महाराज आणि दोन्ही बाजूंना हसू दाबून उभी असलेली प्रजा, अशी मिरवणूक राजवाड्यावर पोचली.

गाडी बंद पडली ती खरं तर महाराजांमुळेच. त्यांच्या आजोबांनी घराण्याला एक शिस्त लावून दिली होती. अत्तराची कुपी असो की लोणच्याची बरणी, तळ दिसल्याशिवाय पुन्हा भरायची नाही. महाराजांनी तीच शिस्त गाडीला लावली. बॅटरी पार रिकामी झाल्याशिवाय वायर लावायची नाही! मग दर चौदा दिवसांनी गाडी असेल तिथे मान टाकायची, आणि वाड्यातल्या प्लगवर तिला पुन्हा भरायला दहा तास लागायचे. आजवर ती वाड्याच्या आवारातच थांबत आली होती, म्हणून बभ्रा झाला नव्हता इतकंच.

पण महाराजांचं चुकलं, हे त्यांना सांगणार कोण? त्यांनी गाडीच्या चालकाला, संताजीला, समोर उभं केलं.

"दहा तास? मला जेवायला एक तास पुरतो. परवा सोमवारी दुपारी मी पानावर बसलो की वायर लावायची, आणि विडा तोंडात घातला की गाडी गच्च भरलेली दिसली पाहिजे. नाही दिसली, तर यापुढे बैलांच्या जागी तू."

दिवाणजी हुकुमाचे पक्के. त्यांनी लगेच सुतार बोलावून जोखडासाठी संताजीच्या मानेचं माप घेतलं. रविवारी त्यांना आणखी एक युक्ती सुचली. एका वायरमधून विजेला वाट अरुंद पडते, म्हणून त्यांनी तीन वायरी एकत्र पिळून लावल्या. सगळ्या वाड्याचा फ्यूज उडाला आणि राणीसाहेबांचा पंखा बंद पडला. दिवाणजींनी स्वतःच चौकशी केली आणि दोष संताजीचा निघाला. अखेर जुन्याच वायरवर, दहा तासांनी, गाडी भरली.

संताजी घरी आला आणि ताटावर नुसताच बसून राहिला. त्याची बायको चांगुणा राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाढपाचं काम करायची. कोण किती जेवतो आणि कुठे थांबतो, हे तिला न विचारता कळत असे. तिने नवऱ्याला विचारलं, गाडी दिवसाला धावते तरी किती? वाडा ते कचेरी, कचेरी ते नदीवरचं देऊळ आणि परत, असं सकाळीच बारा किलोमीटर, तो म्हणाला. त्याला वीज लागते दोन युनिट. आणि दोन युनिट भरायला? पाऊण तास.

चांगुणाने कपाळाला हात लावला.

"अहो, मग चौदा दिवसांचं एकदम कशाला भरता? उद्या सकाळची फेरी झाली की गाडी वाड्यात लावा, आणि महाराज पानावर बसले की वायर लावून टाका. बाकीचं माझ्याकडे."

"आणि आजोबांची शिस्त? ती मोडली तर मान जाईल माझी."

"मानेचं माप तर घेऊनच झालंय," ती म्हणाली. बोलली ठसक्यात, पण रात्रभर तिच्याही डोळ्याला डोळा लागला नाही.

सोमवारी महाराज पाटावर बसले. चांगुणाने मीठ, लिंबू, कोशिंबीर वाढली आणि मग पुरणपोळ्या वाढायला घेतल्या. एकीवर एक, एकीवर एक, पोळ्यांची चळत इतकी वाढली की समोर बसलेले दिवाणजी दिसेनासे झाले. शेजारी भाताचं पातेलं आलं, कटाच्या आमटीची बादली आली.

महाराजांनी विचारलं, हा काय प्रकार?

"चौदा दिवसांचं जेवण आहे, महाराज. तासाभरात संपवावं. पुढचे चौदा दिवस चूल पेटणार नाही."

दिवाणजी खेकसले, पण महाराजांनी त्यांना हातानेच गप्प केलं. कुणी पैज लावल्यासारखं बोललं की त्यांना माघार ठाऊक नव्हती. पाच पोळ्या त्यांनी बघता बघता उडवल्या. आठवीला वेग मंदावला, दहावीला कमरेचा शेला सैल झाला आणि बारावी हातातच राहिली.

"आता घास उतरत नाही," ते धापा टाकत म्हणाले.

"गाडीचंही असंच होतं, महाराज. पोट भरत आलं की वीज सावकाश उतरते."

"अगं, पण असं चौदा दिवसांचं एका बैठकीला कोण जेवतं?"

"आपली गाडी जेवते."

चांगुणाने पुढे होऊन विड्याचं तबक धरलं. महाराजांनी विडा तोंडात घातला, कसेबसे उठले आणि अंगणात आले. गाडीला वायर लावलेली होती आणि पडद्यावर आकडा होता शंभर.

महाराज खूश होणार, इतक्यात त्यांच्या लक्षात आलं. "सकाळी मी हिच्यातूनच देवळात जाऊन आलो. ही रिकामी नव्हतीच!"

"नव्हती, महाराज."

"म्हणजे आजोबांची शिस्त मोडलीत तुम्ही!"

संताजीने डोळे मिटून घेतले. चांगुणा हात जोडून म्हणाली, "महाराज, थोरल्या महाराजांनी शिस्त लावली ती बरण्यांना आणि कुप्यांना. स्वतःच्या पोटाला लावून मान टाकेपर्यंत उपाशी राहिले असते, तर आज हा राजवंश कुठून असता?"

महाराज असे हसत सुटले की आतल्या अकरा पोळ्यांनी त्यांना पोट धरून ओट्यावर बसायला लावलं. बसल्या बसल्याच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून चांगुणाला दिलं आणि संताजीच्या डोक्यावर जरीचा फेटा चढवला. उरलेल्या पोळ्या त्याच दुपारी साऱ्या बाजाराला वाटल्या गेल्या. आणि हुकूम सुटला, की यापुढे रोज महाराज पानावर बसले की गाडीलाही वाढायचं, आणि वायर लावायला दिवाणजींनी जातीने हजर राहायचं.